विश्लेषण : वेबसाइटच्या होमपेजवरूनच मेन्यू गायब का होतो?

उदगीर : दहावी-बारावीचे निकाल लागले, की जळकोट, देवणी, मुखेडपासून सीमेपलीकडच्या भालकीपर्यंतचे पालक प्रवेशाची चौकशी सुरू करतात. एसटीत बसण्याआधी मोबाइलवर संस्थेची वेबसाइट पाहिली जाते. पान उघडते, मोठा फोटो दिसतो. पण ‘प्रवेश’, ‘शुल्क’, ‘संपर्क’ असा मेन्यूच नसतो. गंमत म्हणजे आतल्या प्रत्येक पानावर तो व्यवस्थित दिसतो. मात्र आत जाण्याचा रस्ताच नसल्याने पालक मागे फिरतो आणि दुसऱ्या क्लासची साइट उघडतो. ऐन प्रवेशाच्या हंगामात हे परवडणारे नसते. वर्डप्रेसवर बांधलेल्या साइटमध्ये हा बिघाड वारंवार दिसतो आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ थीममधल्या एका ओळीच्या अटीत असते.

ही अट असते कशासाठी?

थीम म्हणजे साइटचे रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच. त्यातली हेडर फाइल प्रत्येक पानाच्या डोक्यावर येते. होमपेजवर एक मेन्यू आणि आतल्या पानांवर दुसरा हवा असेल, तर तिथे ‘हे पान होमपेज असेल तर हे दाखव, नाहीतर ते दाखव’ अशी इफ-एल्सची अट लिहितात. पान कोणते, हे ओळखण्यासाठी वर्डप्रेसने तयार प्रश्न दिले आहेत. त्यातले दोन आपल्या कामाचे : ‘इज होम’ आणि ‘इज फ्रंट पेज’. (प्रत्यक्ष कोडमध्ये ही नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहितात.)

दोन ‘होम’चा घोळ काय आहे?

नावावरून ‘इज होम’ म्हणजे होमपेज, असे कुणालाही वाटेल. तसे ते नाही. वर्डप्रेस 2003 मध्ये आले ते ब्लॉग लिहिण्यासाठी. तेव्हा साइटचे पहिले पान म्हणजे ताज्या लेखांची यादी, आणि ‘होम’ हे नाव त्या यादीला चिकटले. पुढे लोक त्यावर संस्थांच्या, दुकानांच्या साइट बांधू लागले. त्यांना पहिल्या पानावर यादी नको होती, स्वतःचे ठरलेले पान हवे होते. ‘इज फ्रंट पेज’ हा वेगळा प्रश्न 2008 मधल्या 2.5 या आवृत्तीत आला. जुने नाव मात्र तसेच राहिले. नाव बदलले असते तर असंख्य थीम मोडल्या असत्या हे खरे, पण त्या नावाचा त्रास नवशिक्यांना आजही होतो.

आता ‘सेटिंग्ज’मधील ‘रीडिंग’ हा भाग उघडा. पहिल्या पानावर ताज्या पोस्ट ठेवल्या असतील, तर तिथे दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ येते. ठरलेले पान ठेवले असेल, तर त्या पानावर ‘इज फ्रंट पेज’ हो म्हणते आणि ‘इज होम’ नाही म्हणते. पोस्टच्या यादीसाठी जे वेगळे पान निवडले असेल, तिथे नेमके उलटे.

म्हणजे समजा, साइट सुरू झाली तेव्हा पहिल्या पानावर सूचनांची यादी होती आणि कोडमध्ये ‘इज होम’ लिहिले होते. सगळे सुरळीत चालले. वर्षभराने कुणीतरी सेटिंग बदलून फोटोंचे सुंदर पान पुढे आणले. त्या क्षणी अट निकामी झाली. कोडला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे शोधणारा चक्रावतो. इथे उपाय सोपा आहे : अटीत ‘इज होम’च्या जागी ‘इज फ्रंट पेज’ लिहायचे.

‘नाही’ आणि ‘किंवा’ एकत्र आले की...

दुसरी चूक भाषेची आहे. होमपेज सोडून सगळीकडे मेन्यू हवा, म्हणून ‘इज होम नाही किंवा इज फ्रंट पेज नाही’ अशी अट लिहिली जाते. ठरलेले पान ठेवलेल्या साइटवर ही अट कायमच खरी ठरते. ‘आज शनिवार नसेल किंवा रविवार नसेल, तर कार्यालय उघडे’ असे म्हटले, तर कार्यालय कधीच बंद होणार नाही. शनिवारी रविवार नसतो आणि रविवारी शनिवार. इथे ‘आणि’ हवा. अटीत दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच टाकले, तरी तुलना होण्याऐवजी किंमतच बदलते, हेही पाहून घ्यावे.

अट बरोबर, तरी चालत नाही?

मग ती कुठे लिहिली आहे ते पाहा. ‘फंक्शन्स’ फाइलमध्ये ती मोकळी लिहिली असेल, तर ती वेळेआधीच विचारली जाते. कोणते पान मागितले आहे, हे वर्डप्रेसने अजून ठरवलेले नसते आणि उत्तर सरसकट ‘नाही’ येते. ही ओळ हेडर फाइलमध्ये हलवावी किंवा ‘टेम्प्लेट रीडायरेक्ट’सारख्या नंतरच्या टप्प्याला जोडावी.

कोडला हात लावण्याआधी कॅशे रिकामा करा. लॉगिन केलेल्या चालकाला अनेकदा ताजे पान दिसते आणि बाहेरच्या माणसाला साठवलेले जुने. म्हणून तपासणी लॉगआउट करून, दुसऱ्याच्या मोबाइलवर करावी. दुरुस्तीही मूळ थीममध्ये नव्हे, चाइल्ड थीममध्ये करावी. नाहीतर थीमचे पुढचे अपडेट ती पुसून टाकते.

नव्या थीममध्ये हेडर फाइल सापडत नाही?

जानेवारी 2022 मधल्या 5.9 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ब्लॉक थीम आल्या. त्यात मेन्यू हा एक ब्लॉक असतो आणि सहसा अशी अट लिहिलेली नसते. अशा साइटवर ‘अपिअरन्स’मधून ‘एडिटर’ उघडावा आणि होमपेजच्या टेम्प्लेटमध्ये ‘हेडर’ हा भाग जोडलेला आहे का, ते आधी पाहावे.