गाव वसते ते बांधावर

गोव्याच्या डिचोली तालुक्यातले आमोणे मांडवी नदीच्या काठी आहे. समोरच्या तीरावर खांडोळा, खाली नदीच्या पात्रात दिवाडी बेट. पोर्तुगीज अंमल 1510 नंतर दिवाडी-चोडणपर्यंत पोचला, पण डिचोली त्यांच्या हाती लागली ती 1781-82 च्या सुमारास. मधली जवळजवळ पावणेतीनशे वर्षे हा पट्टा सरहद्दीचा मुलूख होता. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून याच पट्ट्यात नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. सत्ता अशी सतत बदलत असताना नदीकाठची गावे टिकली कशी? माझे म्हणणे असे की ही गावे राजाच्या सनदेने वसली नाहीत. बांध सगळ्यांनी मिळून राखायचा, या आपसातल्या बंधनाने ती वसली आणि त्याच बंधनाने टिकली.

याचा पुरावा जमिनीतच आहे. मांडवीची भरती आमोण्याच्याही पुढे, थेट गांजेपर्यंत चढते. उन्हाळ्यात पात्रातले पाणी मचूळ होते आणि खारे पाणी शेतात शिरले की पीक गेलेच. म्हणून माती, पेंढा आणि चिरे घालून बांध उभारले गेले आणि त्यांच्या आड खाजन शेती आली. बांधात मानस बसवतात. तिच्या लाकडी फळ्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. आत खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते आणि मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. पण कुर्ल्यांनी बांधाला भोके पाडली आणि उधाणाने खांड पडली, तर पाणी एकाच्या शेतावर थांबत नाही. सगळे खाजन बुडते. अशी जमीन एकट्याने राखता येत नाही.

त्यातूनच गावकरीची व्यवस्था उभी राहिली. जमीन गावाच्या मालकीची, शेते पावणीने म्हणजे लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून बांध, देऊळ आणि राजाचा सारा भागवायचा आणि उरलेले जोण म्हणून गावकारांत वाटायचे. आफोंसु मेशिय या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 मध्ये नदीपलीकडच्या तिसवाडीच्या गावकरीचे रिवाज लिहून काढले. त्यातही क्रम हाच आहे : आधी माणसे आली, त्यांनी पडीक जमीन लागवडीला आणली आणि सारा घेणारे धनी मागाहून आले. अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरची वसाहत याच्या अगदी उलट वाटेने झाली. तिथे मूळ रहिवाशांना हुसकावले गेले आणि 1862 च्या कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला सरकारने 160 एकर दिले. तिथे आधी आखणी झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र तुकडा मिळाला. शेजार नंतर जमला. खाजनात शेजार नसेल तर तुकडाच उरत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मेशियचा दस्तऐवज महसुलासाठी केलेला आहे आणि तोही पलीकडच्या तिसवाडीचा. हे खरे आहे. पण भरतीचा नियम नदीच्या दोन्ही काठांना सारखाच लागू होतो, म्हणून माझा भर कागदापेक्षा बांधावर आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावकारांचा हक्क पुरुषांच्या वंशातच चालला, स्त्रियांना वाटा नव्हता आणि ज्या गावडा समाजाला गोव्याचे आद्य रहिवासी मानले जाते, त्यांच्यासारख्या राबणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा श्रमच आले. हा अन्याय झाकून गावकरीचे गोडवे गाणे मला मान्य नाही. मात्र त्यातून एवढेच सिद्ध होते की हक्काची वाटणी चुकीची होती. बांध सामाईक असावा लागतो, हे त्याने खोटे ठरत नाही.

पोर्तुगीज सत्तेपासून गोव्याची मुक्ती झाल्यानंतर 1964 चा कूळ कायदा आला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. हा न्याय आवश्यकच होता. बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली. पण जिथे शेते पडीक राहतात आणि मानशीची मासळी शेतीपेक्षा किफायतशीर ठरते, तिथे खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते. मग शेतांचे काय होते, हे अनेक खाजनांत दिसते. म्हणून मालकीचा कागद मिळाला की गाव पुरे झाले, असे मानून चालणार नाही. राबणाऱ्यांना हक्क मिळाला आहे, आता स्त्रियांसह त्या सगळ्यांनी बांधाचा भार आणि बांधाचा निर्णय मिळून उचलायला हवा. पहिल्या वसाहतकारांनी जे काम अर्ध्या गावाला वगळून केले, ते पूर्ण गावाने करण्याची संधी आजच्या पिढीला आहे.