साखर तीच, वेळ वेगळी

नारायणगाव म्हटलं की तमाशा आठवतो, टोमॅटोचा बाजार आठवतो, खोडदची दुर्बीण आठवते. पण 1980 च्या दशकात जुन्नर तालुक्यातलं हे गाव लंडन-पॅरिसच्या मद्यरसिकांना ठाऊक झालं ते एका फसफसत्या वाइनमुळे. बाटलीवर नाव होतं ‘ओमर खय्याम’. उद्योजक शामराव चौगुले यांनी फ्रान्समधल्या पायपर-हाइडसीक या जुन्या शँपेन घराण्याची तांत्रिक मदत घेऊन ती इथे तयार करवली. ‘शॅटो इंडाज’ या नावाने कारखाना पुढे नावारूपाला आला.

या वाइनचं सगळं कसब वेळ साधण्यात आहे. हॉप नावाच्या वेलीची फुलं घालून बिअर करणाऱ्यांना ही गोष्ट लगेच पटेल. फुलं तासभर उकळली तर त्यांतली आम्लं रूप बदलून बिअरला कडू करतात, पण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. तीच फुलं उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घातली तर कडूपणा थोडा आणि स्वाद जास्त. आंबवण झाल्यावर थंडच घातली तर मुख्यतः वास उतरतो. फसफसत्या वाइनमध्ये असाच खेळ साखरेचा चालतो, आणि तो तीनदा.

पहिली साखर वेलीवरची. आपल्याकडे द्राक्षाला एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी लागते. थंडीत मणी भरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडा येतो. साध्या वाइनसाठी गोडी 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) चढू देतात. फसफसत्या वाइनसाठी घड 18 च्या आसपासच उतरवावा लागतो, कारण इथे गोडीपेक्षा आंबटपणा राखायचा असतो. फेब्रुवारीचं ऊन तापायला लागलं की तो झपाट्याने उतरतो, म्हणून तोडा लांबवून चालत नाही. ही साखर टाकीत आंबून तिचा मद्यार्क होतो.

दुसरी साखर बाटलीत. तयार वाइनमध्ये लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली झाकणबंद करतात. आत पुन्हा आंबवण होतं, पण वायूला वाट नसते. तो वाइनमध्येच विरतो आणि दाब सहा वातावरणांपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. टाकीतलं आंबवण पुरतं संपायच्या आधीच घाई केली, तर उरलेली साखरही वायू सोडते आणि बाटल्या फुटतात.

मग बाटल्या महिनोन् महिने आडव्या पडून राहतात. मेलेल्या यीस्टचा गाळ वाइनला पावाच्या कवचासारखा वास देतो. पुढे बाटल्या लाकडी घोड्यांच्या भोकांत खोचून रोज थोड्या फिरवतात आणि हळूहळू उलट्या करतात. गाळ मानेशी जमतो. मान गोठवून झाकण काढलं की दाबाने बर्फाचा खडा गाळासकट उडतो.

रिकामी झालेली जागा भरताना तिसरी साखर येते. वाइनमध्ये विरघळवलेली ही साखर आंबवायला आता यीस्ट उरलेलं नसतं, म्हणून ती गोडीच राहते. ‘ब्रुट’ म्हणवणाऱ्या कोरड्या वाइनमध्ये ती लिटरमागे 12 ग्रॅमच्या आतच असते. हीच साखर गाळ काढण्याआधी घातली असती तर तिचेही बुडबुडे झाले असते.

बाटलीत इतका धीर धरणाऱ्या या उद्योगाने बाजारात मात्र तो धरला नाही. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वायनऱ्या वाढल्या, त्यांतल्या बहुतेक नाशिककडे. इंडाजने कर्ज काढून परदेशातही हातपाय पसरले. 2008 च्या मंदीने कंबरडं मोडलं आणि काही वर्षांत प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन कंपनी गुंडाळण्याचा आदेश झाला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला धडा वेगळाच आहे. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते मंडईत खपत नाही. कारखाना बंद पडला की त्या घडाला दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही. आंबेगावातल्या डिंभ्यापासून येडगावपर्यंतच्या कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर शेती करणारा हा पट्टा आज खायच्या द्राक्षांसाठी, विशेषतः काळ्या जंबोसाठी ओळखला जातो. त्या द्राक्षांना गिऱ्हाईक एकच नाही, अनेक आहेत, आणि बागायतदाराला तेच परवडतं.