टायरच्या बाजूवरचे आकडे

महामार्गालगतच्या टायरच्या दुकानात जाणते मिस्त्री आधी टॉमी उचलत नाहीत, ओलं फडकं उचलतात. जुन्या टायरच्या बाजूवरचा चिखल पुसतात, मोबाइलचा उजेड धरतात आणि आकडे मोठ्यानं वाचतात. त्या दिवशी एका खासगी बसच्या मालकांना पुढच्या चाकांसाठी टायर हवे होते. "मिस्त्री, बसेल तो टाका. रात्री गाडी सुटायचीय," ते म्हणाले. मिस्त्री फडकं पिळत म्हणाले, "शेठ, बसतील पुष्कळ. पुढच्या एक्सलवर वजन किती येतं, ते सांगा."

टायर निवडायची सगळी विद्या या एका प्रश्नात आहे.

त्या टायरवर लिहिलं होतं २९५/८० आर २२.५. यातले २९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, २३६ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, आणि २२.५ हा डिस्कचा व्यास, इंचात. खालून-वरून बाजूची उंची आणि मध्ये डिस्क अशी बेरीज केली की टायरचा व्यास साधारण १,०४३ मिलिमीटर निघतो.

एसटी आणि ट्रकच्या चाकांना आपण कित्येक वर्षं १०.००-२० हे ट्यूबवालं माप पाहत आलो. त्याचाही व्यास याच्याच जवळपास, म्हणून जुन्या गाडीला ट्यूबलेस टायर घालता येतो, पण डिस्क बदलूनच. २० इंची डिस्क अनेक तुकड्यांची असते, टायरला ट्यूब आणि फ्लॅप लागतो आणि वरून लॉक रिंग बसते. २२.५ची डिस्क अखंड, तिची टायर टेकण्याची कड उतरती. एकीचा टायर दुसरीवर चढवायचा प्रयत्नही करू नये. हवा भरताना रिंग निसटली, तर समोरचा माणूस वाचत नाही.

माप जुळलं, आता वजन. मापाशेजारी बारीक अक्षरांत १५२/१४८ एम असं काहीतरी असतं. घाईत हेच वाचायचं राहतं. १५२ म्हणजे एकेरी चाकात टायर ३,५५० किलो पेलतो. १४८ म्हणजे मागच्या जोडीत प्रत्येकी ३,१५०. जोडीत आकडा उतरतो, कारण दोन टायर सारखा भार कधीच घेत नाहीत. 'एम' म्हणजे ताशी १३० किलोमीटरची वेगमर्यादा, 'के' असेल तर ११०.

आता हिशेब करून पाहा. २०१८ साली केंद्र सरकारनं जड वाहनांच्या एक्सलची वजनमर्यादा वाढवली. पुढच्या दोन टायरांच्या एक्सलला ६ टनांऐवजी ७ टन, मागच्या चार टायरांच्या एक्सलला १०.२ऐवजी ११.५ टन. १४६/१४३ लिहिलेला १०.००-२०चा रेडियल पुढे ३,००० किलो घेतो. दोन टायर, ६ टन. जुन्या मर्यादेला काठोकाठ. ७ टनांच्या एक्सलला प्रत्येकी साडेतीन टन हवेत, तिथे तो पाचशे किलोंनी तोकडा पडतो. १५२वाला टायर तेवढंच वजन पेलून पन्नास किलो हातचे राखतो. दुकानात शेजारी उभे केले तर दोन्ही टायर सारखेच दिसतात. फरक आहे तो त्या बारीक आकड्यात, आणि तोही हवा पूर्ण असेल तरच खरा. हवा कमी असेल तर टायर तापतो आणि भर रस्त्यात फुटतो.

"मग मोठाच घालू, ३१५/८०," मालक म्हणाले. मोठा टायर म्हणजे जास्त ताकद, हे खरं. पण त्याचा व्यास १,०७५ मिलिमीटर. मागेही तोच घातला, तर काटा ८० दाखवेल तेव्हा बस सव्वाब्याऐंशीच्या पुढे धावत असेल. शंभर किलोमीटर झाले तरी मीटरवर ९७ पडतील आणि ॲव्हरेज उगाच घटलेलं दिसेल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर चेसिसला घासू शकतो. मागच्या जोडीत आतला-बाहेरचा टायर एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातली वाऱ्याची फट बुजते. शिवाय डिस्कलाही वजनाची आणि हवेची मर्यादा असते.

जोडीचा प्रश्न तर याहून नाजूक. मिस्त्रींनी मागच्या चाकाभोवती टेप फिरवून घेर मोजून दाखवला. जोडीतले दोन्ही टायर एकाच हबला बांधलेले, त्यांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. व्यासात अवघा ६ मिलिमीटर फरक असला, तरी एका किलोमीटरमागे लहान टायर जवळपास पावणेसहा मीटर फरफटतो. त्याचं रबर उडतं आणि मोठ्यावर जास्त ओझं येतं. म्हणून नव्या टायरशेजारी गोटा झालेला टायर लावू नये, आणि एका एक्सलवर नायलॉन व रेडियल मिसळू नयेत. पुढे नवा, मागे रिमोल्ड ही आपल्याकडची जुनी रीत, पण मागेही घेर जुळवूनच.

राहत्या गाडीला, म्हणजे कॅरॅव्हॅनला, हा हिशेब आणखी कडक लागू पडतो. बसमधले प्रवासी उतरतात. कॅरॅव्हॅनचं स्वयंपाकघर, पलंग, पाण्याची टाकी उतरत नाहीत. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, तेही बहुधा एकाच बाजूला. अशी गाडी सामान आणि माणसांसकट वजनकाट्यावर न्यावी आणि प्रत्येक एक्सल वेगळा तोलावा. जमलं तर डावी-उजवी बाजूही. जास्त भाराच्या चाकावरून टायर ठरवावा. ही गाडी महिनोन्‌महिने उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं. बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचावा. ३५२३ म्हणजे २०२३चा पस्तिसावा आठवडा.

मालकांनी अखेर गाडीची कागदपत्रं काढली, एक्सलची मर्यादा वाचली आणि मूळ मापाचेच, १५२ लिहिलेले दोन टायर घेतले. नट आवळून झाल्यावर मिस्त्रींनी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवायला लावलं आणि प्रत्येक वेळी टायर आणि चेसिसच्या मधे हाताचा पंजा आडवा धरून पाहिला. रात्री त्या बसमध्ये झोपलेल्यांना हा पंजा कधी दिसणार नाही. घाटातल्या वळणावर ते निर्धास्त झोपतात ते अशाच कुणी फडक्यानं चिखल पुसून आकडे वाचलेले असतात म्हणून.