अधूनमधून अडणारा गिअर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गिअर रोज अडत असेल तर निदान सोपं असतं. कधीतरी अडणारा गिअर मात्र भल्याभल्या मिस्त्रींना चकवतो. दोंडाईच्यातून निघताना गाडी ठीक, सारंगखेड्याला तापीच्या पुलावर ठीक, शहाद्यापर्यंत ठीक आणि तोरणमाळच्या चढावर तिसऱ्यातून दुसरा पडेना. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली तर सगळे गिअर बिनबोभाट पडतात. मिस्त्री म्हणतो, ‘‘भाऊ, आते ते बरी चाली ऱ्हायनी ना!’’ तो खोटं बोलत नसतो, आणि गाडीवाल्यालाही भास झालेला नसतो. अशा वेळी ऐकीव समजांवर भिस्त ठेवली तर नको तो खर्च होतो. लग्नसराईत माणसांनी भरलेली गाडी घाटात अडली, तर प्रकरण खर्चापुरतं राहत नाही.

गैरसमज: गिअर पडत नाही, म्हणजे गिअरबॉक्स गेला.

हा सर्वांत महागडा गैरसमज आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाताना क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शिअल अशी साखळी असते. गिअरबॉक्सच्या आतले दात आणि शाफ्ट हे तिच्यातले दणकट भाग. अधूनमधून येणारा दोष बहुतेक वेळा त्यांच्या बाहेर असतो. क्लचची केबल, क्लचचा सिलिंडर, गिअर लिव्हरची जोडणी, इंजिनाचं माउंटिंग, वायरिंगचा सैल कनेक्टर या जागा आधी पाहायच्या. जाड गालिचा किंवा एकावर एक घातलेल्या दोन मॅट क्लचच्या पेडलखाली आल्या, तर पेडल पूर्ण दाबलं जात नाही आणि रिव्हर्स पडताना खर्र होतं. मॅट सरकली की दोष येतो, जागेवर बसली की जातो. हे तपासायला पाना लागत नाही.

लक्षणांचे दोन गट वेगळे ओळखता आले पाहिजेत. रेस वाढते, पण गाडीचा वेग वाढत नाही, चढावर हे जास्त जाणवतं आणि जळका वास येतो. याला क्लच स्लिप होणं म्हणतात. उलट, पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून गिअर पडताना खरखर होते किंवा पहिला गिअर पडतच नाही. इंजिन बंद केल्यावर तेच गिअर सहज पडत असतील, तर संशय क्लचवर घ्यायचा. हायड्रॉलिक क्लचमध्ये सिलिंडरचं रबर सील आतून गळायला लागलं, की पेडल हळूहळू खाली बसतं, आणि दोन-तीनदा पंप केलं की पुन्हा ताठ होतं. त्यातलं तेल बहुतेक गाड्यांत ब्रेकचंच असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे वर्षानुवर्षं न बदललेलं तेल उन्हाळ्यात आधी दगा देतं.

आवाजाचंही तसंच. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग पाहा. दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग पाहा. घूंऽऽ असा आवाज गिअर कोणताही असो, गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर चाकाचं बेअरिंग किंवा झिजलेला टायर निघण्याची शक्यता मोठी. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक होत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. धावत्या गाडीत गिअर आपोआप सुटत असेल, किंवा एकाच गिअरमध्ये किरकिर येत असेल आणि काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण दिसत असतील, तर मात्र गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही.

गैरसमज: गॅरेजात दोष दिसला नाही, म्हणजे दोष नाही.

दोंडाईच्यात मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. सकाळी आठला थंड इंजिनावर गल्लीत मारलेला फेरा आणि दुपारी दोनला, एसी लावून, सहा माणसं घेऊन केलेला धुळ्याचा प्रवास, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. तापल्यावर ऑइल पातळ होतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये त्याचा दाब उतरतो. ऑइलचा मार्ग उघड-बंद करणाऱ्या विद्युत झडपेच्या, म्हणजे सोलेनॉइडच्या तारेचा विद्युतरोध वाढतो. वायरीतली बारीक चीर प्रसरणाने उघडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. दोष पाऊण तासाच्या चालण्यानंतर येत असेल आणि अर्धा तास उभी केल्यावर जात असेल, तर ही माहिती स्वतःच अर्धं निदान आहे.

म्हणून एक वही किंवा मोबाइलवरची नोंद ठेवा. गाडी थंड होती की तापलेली, किती वेळ चालली होती, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना अडली, चढ होता की सपाट, गाडीत माणसं किती, एसी चालू होता का, पाऊस पडला होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी अनेक गूढ दोषांचं मूळ असतं. धान्याच्या गोदामाजवळ किंवा शेतातल्या घरी गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधायला सांगा. नोंद ठेवायला सोबतच्या माणसाला सांगावं, चालवणाऱ्याने रस्ता पाहावा. मग मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच वेळी, त्याच तऱ्हेच्या रस्त्यावर फेरी मारा.

गैरसमज: स्कॅनर लावला की तो दोष सांगतो.

स्कॅनर तक्रार सांगतो, कारण शोधावं लागतं. ‘पी०७००’ हा कोड आला तर त्याचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलं आहे. नेमकं काय, ते त्या कॉम्प्युटरमध्ये शिरून वाचावं लागतं, आणि फक्त इंजिनाचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर तिथवर पोहोचत नाही. ‘पी०७१५’ हा इनपुट वेगाच्या सेन्सरच्या सर्किटचा कोड. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर सगळंच आलं. वायर न तपासता सेन्सर बदलणं हा अंदाज झाला. शिवाय बरेच दोष सलग दोन प्रवासांत दिसले तरच डॅशबोर्डवरचा इशारा-दिवा लागतो, त्यामुळे ‘पेंडिंग’, म्हणजे नोंदलेले पण अजून दिवा न लावलेले कोड वाचायला आवर्जून सांगावं.

याच कारणासाठी बॅटरीची वायर काढून लावण्याचा घरगुती उपाय मी कोणालाही सुचवणार नाही. साठलेले कोड आणि दोष आला त्या क्षणाची नोंद त्याने पुसली जाते. चावी बंद करून सुरू केल्यावर ऑटोमॅटिक गाडी ‘बरी’ होते, तेव्हाही ती दुरुस्त झालेली नसते. स्वतःला वाचवण्यासाठी एकाच गिअरमध्ये अडकून राहण्याची तिची अवस्था तेवढी रद्द झालेली असते.

बॅटरी मात्र जरूर मोजा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि चालू इंजिनावर चार्जिंग बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतं. कमी व्होल्टेजवर ऑटोमॅटिक गाडीतल्या गिअर बदलणाऱ्या मोटर आणि पंप अडखळतात. नवीन गाड्यांत बॅटरी वाचवण्यासाठी चार्जिंग कधी कधी मुद्दाम कमी ठेवलं जातं, म्हणून आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावा.

गैरसमज: ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो.

आपल्याकडे परवडणारी ऑटोमॅटिक म्हणून जी पसरली, ती एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. मारुतीने २०१४ साली सेलेरिओत ती आणली, आणि मग इतरांनीही. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. पेडल आणि लिव्हर चालवण्याचं काम यंत्र करतं. म्हणून सप्तशृंगी गडाच्या घाटात रांगेत उभं असताना ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर क्लच तापतो, वास येतो, आणि गाडी इशारा देते. ब्रेकवर थांबावं. गिअर बदलताना जाणवणारा छोटा विराम मात्र या जातीचा स्वभाव आहे, दोष नाही. तो विराम अचानक लांबला किंवा धक्का बसायला लागला, तर तपासणी करा. गाडी न्यूट्रलमधून हलेनाच, तर आधी मागचे ब्रेकचे दिवे लागतात का पाहा. ब्रेक दाबल्याचा संकेत देणारा छोटा स्विच अधूनमधून दगा देतो, आणि अख्खा गिअरबॉक्स गेल्यासारखं वाटतं.

गैरसमज: उन्हाळा कडक आहे, जाड ऑइल टाका.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ओतलं, तर त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगना बाधू शकतात. सीव्हीटीचं, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं ऑइल आणि साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल एकमेकांच्या जागी चालत नाही. ऑइलची निवड किती भोवू शकते, याचं उदाहरण २०१३ सालचं आहे. फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण सात गिअरच्या डीएसजी या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक ऑइलमुळे, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, विद्युतपुरवठ्यात शॉर्ट होण्याची शक्यता होती. उपाय म्हणून सिंथेटिकच्या जागी खनिज ऑइल भरलं गेलं. ज्याला आपण गिअरबॉक्स जाणं म्हणतो, त्याचं मूळ इथे ऑइलात होतं.

जळका वास, खाली ऑइलचे थेंब, किंवा चढावर ताकद तुटणं यांपैकी काहीही दिसलं, तर घाटाचा प्रवास पुढे ढकला, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका. गॅरेजात कोणी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणाला, तर होकार देण्याआधी तीन गोष्टी मागा: कोणती तपासणी केली, त्यात काय दिसलं, आणि बदललेला भाग परत मिळेल का. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही.