क्रँकशाफ्टची पुली डुलते, त्याचे निदान कसे करावे?

नागपूरहून सावनेरकडे जाणाऱ्या मार्गावर कोराडीजवळ गेल्या हंगामात एक ट्रॅक्टर बंद अवस्थेत उभा होता. ट्रॉलीमध्ये कळमना बाजारात न्यावयाची मृग बहराची संत्री भरलेली होती. इंजिन सुरू केले की मंद गतीवर ठकठक असा आवाज येई. एका कारागिराने कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेल्याचे सांगितले, आणि मालकही नाइलाजाने इंजिन उघडण्यास राजी झाला होता. तत्पूर्वी बेल्ट उतरवून पुढील पुली हाताने हलवून पाहिली, तेव्हा ती शाफ्टवर सैल असल्याचे आढळून आले. चावीची खाच अद्याप शाबूत होती. त्यामुळे नवी चावी, नवा बोल्ट व वॉशर एवढ्यावर काम भागले. तसाच ट्रॅक्टर आणखी काही दिवस चालविला असता, तर क्रँकशाफ्टच बदलण्याची पाळी आली असती.

ट्रॅक्टर, जीप, मोटार किंवा मालवाहू गाडी यांच्या इंजिनाच्या पुढील टोकास, क्रँकशाफ्टवर ही पुली बसविलेली असते. बहुतेक इंजिनांत तिच्यावरून जाणारा बेल्ट पाण्याचा पंप व विद्युत् निर्माण करणारा आल्टरनेटर फिरवितो. पुष्कळ इंजिनांत पंखाही त्यावरच चालतो. पुली बहुधा चावीने जागेवर धरलेली व बोल्टने आवळलेली असते. मोटारी व मालवाहू गाड्यांच्या अनेक इंजिनांत ती दोन भागांची असते. आतील तुंबा व बाहेरील कडे यांमध्ये रबराचा पट्टा असून तो शाफ्टची थरथर शोषून घेतो.

विहिरीवरील जुने मंदगती ऑइल इंजिन ज्यांनी चालविले आहे, त्यांना चक्राची चावी ढिली झाली की येणारा ठोका परिचित असेल. ते इंजिन मिनिटास ६००-६५० फेरे घेई. ट्रॅक्टरचे इंजिन कामावर असताना २,००० फेऱ्यांच्या आसपास फिरते. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस तीन वेळा इंधन पेटते. म्हणजे तासाभरात सुमारे १,८०,००० धक्के शाफ्टला बसतात. चावी घट्ट असेल तर पुली व शाफ्ट एकजीव होऊन फिरतात. ती सैल असेल तर प्रत्येक धक्क्यास ती खाचेच्या कडेवर आदळते. प्रथम चावी झिजते, मग खाच रुंदावते, आणि शेवटी शाफ्टचे टोक निकामी होते. काही इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ राखणारे चाकही त्याच टोकावर व त्याच बोल्टाने आवळलेले असते. तेथे हा दोष पिस्टन व व्हॉल्व्ह यांची टक्कर घडवून आणू शकतो.

बाह्य लक्षणे

मंद गतीवर ठकठक आवाज येणे, बेल्ट करकरणे, त्याची एकच कड उसवणे किंवा तो वारंवार उतरणे, बोल्टभोवती तांबूस गंजासारखी भुकटी दिसणे, पुढील सीलमधून तेल पाझरणे, ही प्रमुख लक्षणे होत. बेल्ट घसरू लागला म्हणजे बॅटरी भारित होत नाही व इंजिन तापते.

तपासणीचा क्रम

१. इंजिन मंद गतीवर ठेवून पुलीकडे बाजूने पाहावे. बेल्टच्या रेषेत उभे राहू नये. धोतराचा सोगा, उपरणे, ओढणी किंवा सैल बाही जवळ नेऊ नये. चालत्या पुलीस कधीही हात लावू नये.

२. इंजिन बंद करून किल्ली काढावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हातब्रेक ओढावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. इंजिन थंड होऊ द्यावे.

३. बेल्ट उतरवून पुली दोन्ही हातांनी धरावी व वरखाली तसेच मागेपुढे हलवावी. शाफ्ट स्थिर राहून पुलीच हलत असेल, तर बोल्ट, चावी किंवा पुलीचे भोक यांत दोष आहे. पुलीसह शाफ्टच जाणवण्याइतका मागेपुढे सरकत असेल, तर शाफ्टला जागी रोखणारे थ्रस्ट वॉशर झिजले असावेत. वरखाली हलत असेल, तर मुख्य बेअरिंग. या दोन्ही प्रसंगी काम कार्यशाळेचे आहे.

४. त्याच वेळी पाण्याचा पंप, पंखा व आल्टरनेटर यांच्याही पुल्या हाताने फिरवून पाहाव्यात. आवाजाचे मूळ पुष्कळदा त्यांच्या बेअरिंगमध्ये असते.

५. पुली हातास घट्ट लागली, तर बोल्ट, तुंबा, रबर व कडे यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बेल्ट चढवून इंजिन काही मिनिटे चालवावे व बंद करून पाहावे. रेघ रबरापाशी तुटली, तर कडे तुंब्यावर घसरत आहे. ती बोल्टापाशी तुटली, तर बोल्ट फिरत आहे.

६. रेघ अखंड राहूनही पुली डुलताना दिसत असेल, तर इंजिनाच्या स्थिर भागास एक तार बांधून तिचे टोक पुलीच्या कडेजवळ आणावे. बॅटरीची तार सोडलेली असतानाच शाफ्ट पान्याने नेहमीच्या दिशेस सावकाश फिरवावा. तार व पुली यांतील अंतर कमीजास्त होत असेल, तर पुली वाकडी बसली आहे किंवा पुली वा शाफ्टचे टोक वाकले आहे.

दुरुस्ती

केवळ बोल्ट आवळल्याने दोष जात नाही. झिजलेली चावी थोड्याच दिवसांत त्यास पुन्हा सैल करते. म्हणून पुली काढून चावी, खाच, भोक व शाफ्टचे टोक डोळ्यांनी पाहावे. झिजलेली चावी व ताणलेला बोल्ट बदलावा. रबर सुटले असल्यास संपूर्ण पुली नवी घालावी. पुली काढताना ओढणीयंत्र तुंब्याच्या भोकांत अडकवावे. बाहेरील कड्यास ओढल्यास रबर फाटते. हातोड्याचे घाव घालू नयेत, कारण ते थ्रस्ट वॉशरपर्यंत पोचतात. पत्र्याची पट्टी ठोकणे किंवा पुली शाफ्टला वेल्डिंगने जोडणे हे उपाय नव्हेत; त्यांनी पुढील दुरुस्ती अशक्य होते. बोल्ट मापाच्या टॉर्क पान्याने, निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याइतकाच आवळावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावात एका ट्रॅक्टरवर ही तपासणी करून दाखवावी. त्यास रंगाची एक डबी, तारेचा एक तुकडा व अर्धा तास एवढेच लागते. शेतकरी बंधूंनीही इंजिन उघडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी पुली हाताने हलवून पाहावी. बेअरिंगचा वाटणारा ठोका चावीचाही असू शकतो, आणि तो वेळीच ओळखला तर शाफ्ट व भरल्या हंगामातील दिवस, दोन्ही वाचतात.