यादी कशी लावायची, हे कम्प्युटर नाही, आपण ठरवतो!

विशेष लेख | शिक्षण-तंत्रज्ञान

प्रवेशाची गुणवत्ता यादी असो, लाभार्थ्यांची असो की पाणीपट्टीच्या थकबाकीची, नोटीस बोर्डावर यादी लागली की पहिला प्रश्न येतो, "माझं नाव इतकं खाली कसं?" आणि समोरून ठरलेलं उत्तर येतं, "कम्प्युटरनेच लावलीय हो यादी, आम्ही काय करणार?"

हे उत्तर अर्धंच खरं आहे. कम्प्युटर यादी लावतो, पण कोण आधी आणि कोण नंतर हा नियम त्याला माणसानेच दिलेला असतो. नियम दिलाच नाही, तर तो स्वतःचा ठोकळेबाज नियम लावतो. बीसीए, पॉलिटेक्निकची पोरं असोत की एक्सेलवर काम करणारे ऑपरेटर, हा विषय सगळ्यांच्या रोजच्या कामाचा आहे. म्हणून जरा सोपं करून सांगतो.

एकच तक्ता, दोन नियम

पॅरिस ऑलिम्पिक २०२४ आठवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक आणलं. भारताची एकूण पदकं झाली ६, म्हणजे १ रौप्य आणि ५ कांस्य. पाकिस्तानला मिळालं एकच पदक, पण ते सुवर्ण. पदकतक्त्यात पाकिस्तान ६२ वा आणि भारत ७१ वा. बरेच जण चिडले, "सहा पदकं असून आपण खाली कसे?"

कारण नियम असा : आधी सुवर्ण बघायचं, ते सारखं असेल तर रौप्य, तेही सारखं असेल तर कांस्य. एकूण पदकं हा नियम लावला असता तर भारत वर गेला असता. त्याच तक्त्यात अमेरिका आणि चीन या दोघांची सुवर्णपदकं ४०-४० होती. अमेरिकेची रौप्यपदकं ४४ आणि चीनची २७, म्हणून अमेरिका पहिली. आकडे तेच, नियम बदलला की क्रम बदलला. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच तुलनेचा नियम म्हणतात.

कम्प्युटरला नियम सांगायचा कसा?

दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रोग्रॅमला दोन नोंदी देऊन विचारलं जातं, "यातली आधी कोण?" उत्तर उणे आलं तर पहिली आधी, अधिक आलं तर दुसरी आधी, शून्य आलं तर दोघी सारख्या. जावामध्ये याला कंपॅरेटर म्हणतात.

दुसरी पद्धत पायथॉनमध्ये जास्त चालते. प्रत्येक नोंदीला एक 'की' द्यायची, जसं की आधी गुण, मग जन्मतारीख, आणि त्या कीनुसार यादी लावायची. जास्त गुण वर हवे असतील तर गुणांपुढे उणे चिन्ह लावतात. ९० चे उणे ९० होतात, ८० चे उणे ८०, आणि लहानापासून मोठ्याकडे लावताना ९० वाला आपोआप वर येतो.

तारखेचा घोळ

आता खरी गोम बघा. समजा एकच जागा शिल्लक आहे आणि दोन विद्यार्थ्यांचे गुण सारखे आहेत. नियम असा की वयाने मोठा त्याला आधी संधी. एकाची जन्मतारीख १५/०२/२००६, दुसऱ्याची ०३/१०/२००६. फेब्रुवारीतला मोठा, हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण तारीख साधा मजकूर म्हणून भरलेली असेल तर कम्प्युटर डावीकडून अक्षर-अक्षर बघतो. '०३' हे '१५' च्या आधी, म्हणून ऑक्टोबरवाला वर! जागा गेली भलत्यालाच, आणि यादी दिसते अगदी व्यवस्थित.

उपाय सोपा आहे. तारीख ही तारीख म्हणूनच भरा, नाहीतर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा : २००६-०२-१५. मग मजकूर म्हणून लावली तरी क्रम बरोबर येतो.

हाच प्रकार गट नंबरचा. मजकूर म्हणून लावले तर क्रम येतो १, १०, १००, २, २१, ३. त्यात एक्सेलमध्ये १२/१ असा हिस्सा टाइप केला की ते त्याची परस्पर तारीख करून टाकतं. त्यापेक्षा गट आणि हिस्सा असे दोन वेगळे कॉलम करा, दोन्हीत आकडेच ठेवा आणि सॉर्ट करताना 'ॲड लेव्हल' देऊन आधी गट, मग हिस्सा लावा.

'ळ' कुठे बसतो?

आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' नंतर, आणि शेवटी क्ष, ज्ञ. पण कम्प्युटरच्या युनिकोड तक्त्यात 'ळ' हा 'ल' ला चिकटून, 'व' च्या आधी बसलेला आहे. त्यामुळे नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर काळे, कावळे, काशीद असा क्रम येतो. वर्णमालेप्रमाणे तो कावळे, काशीद, काळे असा हवा. तसंच 'क्ष' म्हणजे कम्प्युटरला क, हलन्त आणि ष. म्हणून क्षीरसागर हे नाव यादीच्या शेवटी न जाता कोल्हे आणि खरात यांच्या मध्ये येतं. नाव शेवटी शोधणाऱ्या माणसाला वाटतं, आपलं नावच गळालं.

यासाठी भाषा ओळखणारी तुलना वापरता येते. जावामध्ये कोलेटर आहे, जावास्क्रिप्टमध्येही भाषा सांगून तुलना करता येते. तरी ळ, क्ष, ज्ञ असलेली चार नावं घालून निकाल एकदा डोळ्याखालून घालाच.

नियमच चुकला तर?

कधी कधी नियम ऐकायला चांगला वाटतो, पण तो चालतच नाही. उदाहरणार्थ, "दोन गुणांपर्यंत फरक असेल तर वय बघा, जास्त फरक असेल तर गुण बघा." आता तीन पोरं घ्या : अ ला ८४ गुण, वय १७, ब ला ८२, वय १८, क ला ८०, वय १९. अ आणि ब मध्ये ब पुढे. ब आणि क मध्ये क पुढे. पण अ आणि क मध्ये चार गुणांचा फरक, म्हणून अ पुढे! फिरून भोपळे चौकात. पहिला कोण, याला उत्तरच नाही. अशा वेळी अर्ज कोणत्या क्रमाने भरले त्यावर यादी बदलते. जावा काही वेळा तुलनेचा नियम मोडल्याची चूक दाखवून थांबतो, पण नेहमीच नाही.

म्हणून अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल, तर अ हा क च्या आधी आलाच पाहिजे, हे नियम करतानाच तपासायचं.

यादी लावण्याआधी एवढं करा

- सारखे गुण आले तर पुढे काय, हे अर्ज उघडण्याआधीच लिहून ठेवा. नावं बघून नियम केला की संशय आलाच.
- एक्सेलमध्ये एकच कॉलम निवडून सॉर्ट करू नका. 'एक्स्पांड द सिलेक्शन' विचारलं तर हो म्हणा, नाहीतर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जातात.
- मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा आणि अनुक्रमांकाचा एक कॉलम ठेवा.
- पाच-दहा नोंदींची यादी आधी हाताने लावा, मग कम्प्युटरची यादी तिच्याशी ताडून बघा.
- यादीच्या खाली नियम छापा : आधी गुण, मग जन्मतारीख, मग आडनाव.

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची. आणि तुमचं नाव यादीत खाली दिसलं, तर "कम्प्युटरने केलं" एवढ्यावर परत फिरू नका. शांतपणे विचारा, "साहेब, नियम कोणता लावला?" उत्तर देणं हे यादी लावणाऱ्याचं काम आहे.