'हायपोथेसाइझ' म्हणजे गृहीत धरणे नव्हे!



शाळेची सायन्स फेअर जवळ आली की इथल्या मराठी घरांत एक शब्द हमखास कानावर पडतो: हायपोथेसिस, आणि त्याचे क्रियापद हायपोथेसाइझ. मुलांनी अर्थ विचारला की आपण चटकन सांगतो, "गृहीत धरणे." मराठी पुस्तकांत 'गृहीतक' हा शब्द आहेच. पण रोजच्या बोलण्यात गृहीत धरणे म्हणजे न तपासता खरे मानणे, म्हणजेच 'अझ्यूम'. हायपोथेसाइझ करायचे ते तपासण्यासाठीच.

एक घरगुती उदाहरण पाहू या. कुंडीतल्या कढीपत्त्याची पाने हिवाळ्यात गळतात.

अझ्यूम: पाणी पुरेसे आहे, असे आपण धरून चालतो.
हायपोथेसाइझ: ऊन कमी मिळाल्यामुळे पाने गळत असावीत, असे संभाव्य कारण मांडतो.
प्रेडिक्ट: तसे असेल तर दिव्याखाली ठेवलेल्या कुंडीची पाने कमी गळतील.
स्पेक्युलेट: फारसा पुरावा नसताना केलेला तर्क.
पोस्ट्युलेट: पुढचा युक्तिवाद उभा करण्यासाठी मूळ विधान मांडणे, जसे युक्लिडने भूमितीत केले.

यातले 'असावीत' महत्त्वाचे. मराठीत हायपोथेसाइझची छटा या क्रियापदाच्या रूपातच येते.

महाराष्ट्रातले एक उदाहरण मुलांना जरूर सांगा. पत्रिकेवरून बुद्धिमत्ता कळते, हा दावा डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात तपासला. 200 पत्रिका जमवल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या. सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी सुमारे 50 टक्के आली असती! 2009 साली 'करंट सायन्स'मध्ये हा निबंध छापून आला. दावा टिकला नाही, पण प्रयोग मात्र यशस्वी ठरला.

नेमके इथेच आपण पालक गडबडतो. मुलाचा हायपोथेसिस खोटा ठरला की "आता मार्क जाणार" या धास्तीने बोर्डावरचे वाक्य निकालाप्रमाणे बदलायला सांगतो. असे करू नये. वाक्य प्रयोगाआधी लिहावे, त्यात 'कारण' असावे, आणि ते चुकले तर तसे स्पष्ट लिहावे. परीक्षकांना बरोबर अंदाजापेक्षा प्रामाणिक तपासणी पाहायची असते.

तेव्हा मंडळी, यंदा मुलांना सांगू या: खुशाल हायपोथेसाइझ करा, पण काही गृहीत धरू नका!